काकांना लवंगेचाच वास येणार

तीर्थस्वरूप आक्काच्या चरणी,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार. आम्ही इकडे धडधाकट आहोत. तुझे गुडघे काय म्हणतात ते सविस्तर कळव, 'बरे आहेत' एवढ्यावर भागवू नकोस. दाजींना नमस्कार सांग, पण हे पत्र त्यांना मोठ्याने वाचून दाखवू नकोस (ते मधेच हसतात, आणि नेमके नको तिथे हसतात). तुझ्या जावेची बहीण शुक्रवारच्या दुपारच्या खेळाला बाल्कनीत बसली होती, म्हणजे माझी कीर्ती तुझ्यापर्यंत तिखटमीठ लावून पोचलीच असेल. तेव्हा झालं काय ते माझ्याच तोंडून ऐक.

तुला ठाऊकच आहे, वर्षभर मी आमच्या थिएटरात वासाचं काम करतोय. पडद्यामागे एक स्टूल, दोन मोठे पंखे आणि बाबांची ती अत्तरांची पेटी. सिनेमात बाग आली की पंख्यापुढच्या कापसावर गुलाब ओतायचा, पाऊस आला की ओली माती, श्रीमंताचं घर आलं की चंदन (गरिबाच्या घराला वास देत नाहीत, ते लोक घरून घेऊन येतात असं मॅनेजरचं म्हणणं). पडद्यामागून चित्र उलटं दिसतं, त्यामुळे माझ्या लेखी आजवरचे सगळे नायक डावखुरे. पण खरी मेख वेगळीच आहे. चित्र पळत येतं आणि वास चालत येतो. मधल्या रांगेतल्या माणसाला बाग दिसताना गुलाब मिळावा म्हणून मला बाटली चाळीस सेकंद आधी उघडावी लागते. पहिल्या रांगेला तो वास लगेच मिळतो. त्यामुळे तिथल्या नेहमीच्या मंडळींना बाग येणार हे बागेच्या आधीच कळतं. याबद्दल आजवर कोणी ब्र काढला नव्हता.

आता हा नवा सिनेमा. खुनाचा आहे. सुरुवातीला काळोख्या खोलीत म्हाताऱ्याचा खून होतो, खुनी दिसत नाही, फक्त लवंगेचा वास येतो. मग नायिकेचे एक प्रेमळ काका आहेत, त्यांची गुलाबाची बाग आहे, ते येतील तेव्हा गुलाब सोडायचा. शेवटी काका नायिकेला पोटाशी धरतात, तिला त्यांच्या तोंडाला लवंगेचा वास येतो आणि सगळा उलगडा होतो. म्हणजे सबंध सिनेमा त्या एका लवंगेवर टांगलेला. दिग्दर्शकाने मला स्वतः यादी लिहून दिली होती, काकांसमोर तीन ठिकाणी गुलाब, आणि खाली दोन रेघा मारल्या होत्या.

मी तिन्ही वेळा लवंग सोडली.

पहिल्या वेळी काका हातात फुलं घेऊन दारात यायचे होते. ते यायच्या आधीच पहिल्या रांगेतून 'आला, खुनी आला' अशी आरोळी उठली. मला वाटलं, खेळ रंगतोय. दुसऱ्या वेळी बाल्कनीसुद्धा सामील झाली. तिसऱ्या वेळी काका नायिकेसाठी चहा घेऊन आले, तेव्हा आख्खं थिएटर तिला बजावत होतं, बाई गं, त्याच्या हातचा घोटभरसुद्धा पिऊ नकोस. ती प्यायली. एक आजीबाई तर उठून उभ्या राहिल्या आणि हिच्या आईबापांनी हिला काहीच कसं शिकवलं नाही असं आसपासच्यांना विचारू लागल्या. मध्यंतरात दिग्दर्शक पडद्यामागे आला. त्याची मान लाल झाली होती. चार वर्षं लपवलेला खुनी मी अर्ध्या तासात चव्हाट्यावर आणला, असं तो म्हणाला. बाकीचं लिहिण्यासारखं नाही.

आता मॅनेजरचा हुकूम असा की, 'माझ्याकडून चुकून दुसरी बाटली उघडली गेली' एवढं एक वाक्य मी सोमवारपर्यंत लिहून सही करून द्यायचं. नाहीतर पेटी उचलायची आणि घर गाठायचं. इतर कुठे हे काम नाही हे त्याला पक्कं माहीत आहे, म्हणून ही मिजास.

आक्का, मी नाही लिहिणार. मी त्या दोघांना तोंडावर सांगितलं, की बाबा रे, जो माणूस दिवसभर तोंडात लवंग धरतो त्याला शेवटच्या दहा मिनिटांत लवंगेचा वास येतो आणि आधीचे दोन तास गुलाबाचा, हे कुठल्या शास्त्रात बसतं? हातात फुलं घेतली म्हणून तोंडाचा वास जातो का? तुम्ही कॅमेरा वळवा, दिवे मालवा, खुन्याला टोपी घाला, तुमचा तो धंदा आहे. माझ्या बाटलीला खोटं बोलायला लावू नका. चित्र कात्रीने कापता येतं, वास कापता येत नाही, तो माणसाबरोबर फिरतो. आमच्या घराण्यात वासाशी कोणी बेइमानी केली नाही, आणि बाबांनी पेटी मला दिली ती काही उगाच नाही. मॅनेजर म्हणाला, तत्त्वं घरी ठेवून या. मी म्हटलं, घरी जागा नाही.

तुझी भावजय म्हणते, सही करून मोकळे व्हा, एका ओळीने काय अंगाला भोकं पडणार आहेत? तिच्या मते माझा हट्ट आता हाताबाहेर गेलाय. परवा गॅसवर दूध करपून पातेलं काळं ठिक्कर पडलं आणि मी शेजारीच पेपर वाचत बसलो होतो. तिला वाटलं, मी रागाने मुद्दाम उठलो नाही. मी तसंच वाटू दिलं. सगळं जग एका बाजूला झालं तरी मी नाक घासत जाणार नाही, एवढं तू लिहून ठेव.

दाजींच्या खोकल्याला जप. तुला जपायला सांगून उपयोग नाही.

तुझा,
धाकटा

ता. क. पत्र पुन्हा वाचून पाहिलं. वासाशी बेइमानी वगैरे जे लिहिलंय ते मला शनिवारी सकाळी दाढी करताना सुचलं. शुक्रवारी दुपारी माझ्या डोक्यात असलं काही नव्हतं. गुलाब आणि लवंग, दोन्ही बाटल्या एका मापाच्या. खुनाच्या वेळी लवंग बरोबर सोडली, पण मग तेल ओघळून चिठ्ठ्यांवरची शाई पुसली गेली आणि काळोखात दोन्हींची अदलाबदल झाली. मी दोन्ही नाकाशी धरल्या, आक्का. पाण्याच्या बाटल्या धराव्यात तशा. मग एक अंदाजाने उचलली, आणि तिन्ही वेळा तीच उघडली.

ता. क. दुसरं. त्या मोठ्या तापानंतर अडीच महिने झाले, मला कसलाच वास येत नाही. डॉक्टर म्हणतो, येईल कदाचित. इथे कोणालाच सांगितलेलं नाही. म्हणून ते वाक्य लिहीत नाही. चुकून दुसरी बाटली उघडली असं लिहिलं की पुढचा प्रश्न हाच, की गुलाब आणि लवंग तुला ओळखू आली नाहीत? हट्टी म्हणवून घेणं मला चालेल. ते नाही चालणार. मला फार भीती वाटते आहे.

ता. क. तिसरं. बाबा आपल्या दोघांचे डोळे बांधून अकरा बाटल्या समोर ठेवायचे. तू अकराच्या अकरा सांगायचीस. मी सात (त्यातल्या तीन फडक्याखालून बघून). तरी पेटी मला मिळाली, कारण तू लग्न होऊन जाणार होतीस. मी तेव्हा काही बोललो नाही आणि नंतर इतकी वर्षं तुझ्यासमोर मिरवलं. नाक तुझंच होतं. रविवारच्या गाडीने ये. पडद्यामागे दुसरं स्टूल आहे, गुडघ्यांना टेकू लावून देईन. सिनेमा आणखी चार आठवडे चालेल. यादी काय सांगते ते मी वाचेन, बाटली कुठली ते तू सांग. पेटीवर नाव घालायचं असेल तर तुझं घालू. माफीच्या कागदावर मात्र मी सही करणार नाही, तू येऊन सांगितलंस तरी.

ता. क. शेवटचं. पाकिटात कापसाचा बोळा ठेवलाय, एका बाटलीतला. पाकीट फोडलंस तेव्हा, हे पत्र उघडायच्या आधीच, तुला कळलं असेल. गुलाब आहे की लवंग, येणं जमलं नाही तर निदान तेवढं उलट टपाली कळव.