खांबाजवळची जागा

प्रिय तिलेसा,

हे पत्र नर्सबाई सालिलोच्या हाती देतोय, ती दुपारच्या बोटीने तिकडे राजधानीला, फुनाफुटीला निघालीय. फोन केला असता, पण तो लागतो पोस्टाच्या ओट्यावरच, आणि तिथे हल्ली दिवसभर कोणी ना कोणी ठाण मांडून असतं. मी तुझं नाव घेतलं की सगळ्यांचं खोकणं थांबतं.

निवडणुकीचा निकाल लागून तू बेटाची खासदार झालीस त्या संध्याकाळी सभाघरात तुला डोक्यावर घेऊन नाचली तीच माणसं, बाळा. आता रस्त्यात भेटली तर नारळ सोलण्यात गुंग होतात. सगळ्यांना कळलंय की राजधानीत गाडं अडलंय, दोन्हीकडे सारखीच डोकी आहेत आणि तुझी चिठ्ठी ज्याच्या पारड्यात पडेल तो पंतप्रधान होईल. चिठ्ठी गुप्त म्हणे! मूठभर खासदारांत काय गुप्त राहतंय?

बेटाला पंतप्रधान म्हणून केलेमेने हवाय. त्याने प्रवाळाचा कडा फोडून बोटींना आत यायला वाट करून देण्याचा शब्द दिलाय. आणि त्या वाटेच्या बदल्यात परक्या जहाजांना वीस वर्षं आपल्या पाण्यात मोकळं रान, हे तूच सभाघरात उभी राहून सांगितलंस. इतकी वर्षं त्या जहाजांवर सरकारतर्फे मासे मोजलेस, तुला माहीत असणारच. "वाट येईल आणि मासा जाईल," म्हणालीस. म्हातारे गप्प बसले. मला वाटलं, पटलं. कसलं पटतंय! बाईमाणसाला सभेत मध्येच अडवायचं नाही, म्हणून गप्प होते.

खरं सांगू? ती वाट मलाही हवीय. तुझी आई लाटेत होडीतून उतरताना त्या कड्यावर आपटली, तेव्हा तू शाळेत होतीस. मी हात धरला होता तिचा, तरी निसटली. कंबर कायमची गेली. आजही होडी कड्याजवळ आली की मी तोंड फिरवतो. तेव्हा तुझंच बरोबर असं मी म्हणत नाही. मला कळत नाही, एवढंच. मी आपला जहाजावर इंजिनाला तेल घालत अक्षरं शिकलेला माणूस.

परवा मला सभाघरात बोलावलं. आपल्या घराण्याच्या खांबाला टेकून बसलो, जसे माझे वडील बसायचे. तुइलिमुकाका सभेचे मुख्य असले तरी मुद्द्यावर यायला वेळ लावतात, तुला ठाऊक आहे. आधी डुकरं कशी आहेत, मग पुलाक्याचे कंद लावतो त्या खड्ड्यात खारं पाणी किती शिरलं. मग म्हणाले, "काय रे, पोरगी तुझी की वाऱ्याची?" सगळे हसले. मीही हसलो. "वाऱ्याची असती तर तुम्हीच शीड लावून हवं तिथे गेला असतात काका," म्हणालो. तेव्हा मात्र कोणी हसलं नाही. ते म्हणाले, खांबाजवळ बसणाऱ्याचा शब्द तो त्याच्या सगळ्या घराण्याचा शब्द. पोरीने बेटाचं ऐकलं नाही, तर त्या खांबाखालच्या एकाही घराला बेटाच्या जाळ्यातला वाटा नाही, सणात पान नाही, कोणाच्या होडीत जागा नाही. "बोट सुटायच्या आत तिला लिही."

घरी आलो तर तुझी आत्या मेलेके अंगणात उभी. "दादा, माझ्या नातवंडांनी काय पाप केलंय? लिही ना तिला! दोन ओळी लिहायला तुझं काय जातंय?" रडत नव्हती, भांडतच होती. पण मासे साफ करताना तिने हात कापून घेतला, तेव्हा मला कळलं ती किती घाबरलीय.

म्हणून लिहितोय. मात्र त्यांनी सांगितलं ते नाही. काल सगळ्यांसमोर मी खांबाजवळची जागा मेलेकेच्या थोरल्या मुलाला दिली. माझी चटई गुंडाळून बाहेर आलो, आणि उंबऱ्यावरून सांगितलं, आता तिलेसा या खांबाखालची नाही, मीही नाही. रीत रीतीनेच मोडली, त्यामुळे तुइलिमुकाकांना बोलायला जागा उरली नाही. तुझ्या चिठ्ठीचा जाब आता त्या खांबाला विचारता येत नाही, मेलेकेच्या घराला कोणी हात लावणार नाही. मला पुन्हा सभेत बोलता येणार नाही, ते ठीक आहे, बरंच बोलून झालंय. हे तुला दुसऱ्या कोणाच्या तोंडून कळू नये, आणि कळलंच तर तू माझ्या काळजीने तिकडे हात आखडू नयेस, म्हणून ही धडपड. चिठ्ठी हवी त्याच्या नावाची टाक. केलेमेनेच योग्य वाटला तर त्याच्या नावाची टाक. फक्त माझ्यासाठी म्हणून टाकू नकोस.

वाट कुठलीही धर, तुझाच,
बाबा