जिलेबीचा एक्स-रे

चिकलठाणा, छत्रपती संभाजीनगर
९ नोव्हेंबर २०२५

चि. तनुजा,
अनेक आशीर्वाद. पाचोडला तुझ्या माहेरी सगळे बरे असतील. संस्कृती नव्या शाळेत रुळली का? आम्ही ठीक. फोनवर मला दोन वाक्यांपुढं बोलता येत नाही, म्हणून लिहितो.

आधी आनंदाची बातमी. जिलेबी पास झाली! काल तिच्या खुब्यांचा एक्स-रे आला. दोन्ही खुबे उत्तम. डोळे, रक्त, सगळं नीट. आता अडीच वर्षांची झाली आहे. पुढच्या माजाला, म्हणजे जानेवारीत, जोडी लावता येईल. मार्चमध्ये पिल्लं! सकाळपासून मी घरात नुसत्या येरझाऱ्या घालतोय.

घाई माझीच होती. आपल्या विश्वजीतला तिची पिल्लं हवी होती. तो गेल्यावर मी तेच डोक्यात घेतलं आणि एकही तपासणी न करता आठ पिल्लं आठ घरी कबूल करून बसलो. जन्मभर वाळूजच्या कंपनीत क्वालिटीला काम केलं, पहिला नग तपासल्याशिवाय मशीन पुढं चालू दिली नाही. आणि इथं नगाचाच पत्ता नाही, तर बुकिंग सुरू! तुझ्या सासूबाई म्हणाल्या, "माणसांशी आठ महिने बोलला नाहीत, अन् कुत्रीच्या बाळंतपणाची दवंडी पिटत फिरताय!"

जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी मला समोर बसवलं. "पिल्लं परत आली तर सांभाळाल? जिलेबी बाळंत होताना अडली तर ऑपरेशनची तयारी आहे? दोन महिने पिल्लं आईजवळ ठेवणार?" मी सगळ्याला हो म्हणालो. घरी येऊन त्या आठ जणांना पुन्हा विचारलं. खरी गिऱ्हाइकं तीनच निघाली. मग बाई म्हणाल्या, "नराचेही रिपोर्ट आणा. आणि त्याच्या आईबापाला काही दुखणं होतं का, तेही."

नर म्हणजे मागच्या गल्लीतल्या नानासाहेबांचा शेरू. नानासाहेब उखडलेच. "व्हय ओ, पोराकडच्यांना कुणी रिपोर्ट मागतं व्हय? तुमच्या विश्वजीतच्या लग्नात मागितले होते का कुणी?"

लगेच त्यांनी जीभ चावली. "चुकलो भाऊ," म्हणाले. मी रागावलो नाही. ते खरंच बोलले होते.

तुझ्या वडिलांनी जमीन विचारली, नोकरी विचारली, पत्रिका पाहिली. माझे वडील बेचाळिसाव्या वर्षी बैल सोडता सोडता कोसळले, हे त्यांनी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. माझा भाऊ सखाराम एकोणचाळीसचा होता. आपला विश्वजीत चौतीसचा.

आणखी एक आहे. विश्वजीत गेल्यावर दवाखान्यानं दिलेला कागद तू माझ्याकडं मागितला होतास. सापडत नाही, असं मी म्हणालो. तो माझ्या कपाटात होता. त्यात हृदयाचा स्नायू जाड झाल्याचं लिहिलंय. खाली एक ओळ आहे: रक्ताच्या नातेवाइकांची तपासणी करून घ्यावी. मला वाटलं, तू म्हणशील, आबा, तुम्ही फसवलंत. त्या भीतीनं मी आठ महिने गप्प बसलो, आणि संस्कृती तिकडं मैदानावर पळत राहिली.

परवा मी स्वतःची तपासणी करून घेतली. माझ्यातही ते आहे, सौम्य. डॉक्टर म्हणाले, प्रत्येक मुलात उतरतंच असं नाही, आणि वेळेवर कळलं तर पुष्कळ करता येतं. तनुजा, पुष्कळ करता येतं! हे ऐकून मी दवाखान्याच्या जिन्यातच बसलो.

लहान मुलांच्या हृदयाच्या डॉक्टरांकडं संस्कृतीसाठी मंगळवारी, १८ तारखेला, सकाळी दहाची वेळ मिळाली आहे. तोवर तिला पळू देऊ नकोस, शाळेतही सांग. आदल्या दिवशी, सोमवारी दुपारी मी गाडी घेऊन पाचोडला येतो. वाटेत माझ्याशी बोलली नाहीस तरी चालेल. कागद सोबत जोडला आहे.

ज्यानं हे तुला लग्नाआधी सांगायला हवं होतं, तो

आबा