अख्ख्या पदरांचं गठुडं

॥ बिरोबाच्या नावानं चांगभलं ॥

निरवांगी,
३ नोव्हेंबर १९९७

सौ. प्रयागबाई विहीणबाई यांस,

म्हाळसाचा रामराम. आमी हितं समदी देवाच्या कृपेनं बरी हाओत. तुमी आन जावईबापू नागेशराव बी बरे असाल. फराळाचा डबा पोचला असंल. करंज्या मोडल्या असतील तर तो गाडीचा दोष, माझ्या हाताचा न्हाय.

पत्राला कारण काय असणार? लेकीची आय हाय मी, दुसरं कारण लागतंय कशाला.

प्रतिक्षा पंचमीला आली ती हितंच हाय. तुमी म्हणला होता, गौरी झाल्या की न्हेऊ. गौरी झाल्या तर पितरपाठ लागला, पितरपाठात सून घरात आणू न्हाय म्हणला. ते बी खरंच. मग दसरा आला, तवा नागेशरावांना कंपनीत सुट्टी न्हवती. दिवाळीत कंपनी बंद होती असं आमच्या कानावर आलं, पर आमचे कान पडले खेड्यातले, काय बी ऐकत्यात. पाडव्याला पोरीनं सकाळीच न्हाऊन वेणी घातली, दारात रांगोळी काढली, ओवाळायचं ताट तयार करून ठेवलं. इंदापूरची गाडी आली आन गेली. निरांजनातलं तेल संपलं तसं तिनं ताट उचलून आत न्हेलं. तिचे आबा मला म्हणले, दमानं घे, शहरातल्या माणसांना कामं असत्यात. म्हणून दमानं लिवतीया.

एक काम हाय. पोर येताना दोनच साड्या घेऊन आली. आठ दिवसांत जायचं म्हणून आलेली, ती ट्रंक कशाला उचलून आणतीया? तिच्या बाकीच्या साड्या तेवढ्या धाडून द्या. हळदीची पिवळी, चुड्याची हिरवी, आन पहिल्या संक्रांतीला तुमी घेतलेली काळी. हिरवी तरी धाडाच, तिचा तिच्यावर लई जीव हाय. ट्रंकंतच असतील न्हवं? कसर तर लागली न्हाय? मी आपलं सहज इचारते. कडुलिंबाचा पाला घालून ठेवला की कसर लागत न्हाय.

माझं काम जोरात हाय. थंडीच्या तोंडावर वाकळांना मागणी असती. तुमी बारामतीत गोधडी म्हणता तीच आमची वाकळ. लग्नात तुमी नणंदेच्या कानात म्हणला होता, "विहीण चिंध्या शिवती." माझ्या कानावर आलं होतं, पर मी मनात धरलं न्हाय. शिवतेच की चिंध्या, चोरी थोडीच करते.

परवाच एक गठुडं आलंय. लई चांगल्या घरचं दिसतंय. कापड अजून नवं हाय, वाकळंला का दिलं असंल त्या बाईनं, कुणाला ठावं. मी अजून कात्री लावली न्हाय.

उत्तर लवकर धाडा. साड्यांचं तेवढं ध्यानात ठेवून लिवा.

आपली विहीण,
म्हाळसा


निरवांगी,
१९ नोव्हेंबर १९९७

सौ. प्रयागबाई विहीणबाई यांस,

रामराम. तुमचं पत्र मिळालं. अक्षर नागेशरावांचं हाय, शब्द तुमचे हायत.

तुमी लिवलंय, साड्या ट्रंकंत जशाच्या तशा हायत, किल्ली तुमच्या कमरंला हाय, कुणी बोट सुदीक लावलं न्हाय. पौष सरला की पोरीला न्ह्यायला येतो, तवर साड्यांची घाई कशाला. वाचून बरं वाटलं. पुन्यांदा वाचलं तवा बरं वाटंना.

आता माझं ऐका. ती किल्ली काढा, ट्रंक उघडा, आन आत काय हाय ते मला लिवा. कारण त्या साड्या हितं माझ्या म्होरं पसरल्यात.

आमच्या गावचा सोनबा टेंपो घेऊन बारामतीला जातो. तितल्या एका दुकानात बायका जुनी कापडं देऊन जात्यात, वाकळ शिवून न्हेत्यात. ती गठुडी सोनबा आमच्या भागातल्या शिवणाऱ्या बायकांना वाटतो. हे तुमाला ठावं नसणार. चिंध्या कुठनं येत्यात, कोण शिवतंय, हे तुमी कवा इचारलंच न्हाय. इचारलं असतं तर गठुडं दुसरीकडं टाकलं असतं.

वळखलं कसं म्हणाल, तर पिवळीचा फॉल मी माझ्या हातानं लावलाय. पिवळा दोरा संपला म्हणून अर्धा पांढऱ्या दोऱ्यानं लावला, पोर चिडली होती, म्हणली, आये, सासरची काय म्हणतील? मी म्हणलं, सासरची काय तुझ्या पायापाशी बघत बसत्यात व्हय. हळदीचे डाग बी तसेच हायत, अंगाचा वास गेला न्हाय अजून. हिरवीला आमच्या चुलीची ठिणगी पडली होती, तितं मी भरलेले टाके हायत. माझे टाके मी वळखणार न्हाय तर कोण वळखणार?

गठुडं मी पोरीपासून दडवलंय. गोठ्यात, शेळीच्या पेंडीच्या पोत्यामागं. लेकीच्याच साड्या लेकीपासून चोरासारख्या दडवायची पाळी आणली तुमी माझ्यावर.

आता ज्याच्यासाठी लिवाय बसले ते लिवते, दोन दिस झाले हात धजत न्हवता. आमच्यात वाकळंला साडी द्यायची तर नेसणारीनं आपल्या हातानं पदर फाडून द्यायचा. तिनं फाडल्याबिगर शिवणारी कात्री लावत न्हाय. पदर अख्खा आला म्हंजे नेसणारी मेली, असं समजायचं. तुमचं माहेर बी मेंढरावाल्यांचंच हाय, तुमाला हे नव्यानं सांगाया नको. आता बारामतीत बंगल्यात राहता म्हणून इसरला असाल असं बी वाटत न्हाय.

ह्या गठुड्यातले समदे पदर अख्खे हायत, विहीणबाई. आन माझी लेक आत चुलीम्होरं भाकरी थापतीया. मी लिवता लिवता तिच्या हाताचा आवाज ऐकतीया.

सोनबाला खोदून खोदून इचारलं. तो म्हणतो, दुकानदार म्हणला, बाईंना लग्नाच्या आत वाकळ पायजे, नवरी कळस गावची हाय. लगीन कुणाचं? तुमच्या दोन्ही लेकी तुमी कवाच उजवल्या. घरात राहिले एकटे नागेशराव, आन त्येंच्या डोक्यावर अक्षता मी टाकल्यात, तुमी बी टाकल्यात.

मी इपरीत इचार करत असंल तर मला खोटं पाडा. माझा सोभाव संशयी हाय, पोरीचे आबा बी तसंच म्हणत्यात, शेजारची कोंबडी आपल्या दारात आली तरी ही इचारती कुणी धाडली. तसंच असू दे. मी चुकले असंल तर बारामतीला येऊन तुमच्या पाया पडंन. पर मला पौषाची वाट बघाय सांगू नका. पोर रोज इंदापूरच्या गाडीच्या टायमाला काय तरी निमित्त काढून दारात जाती. मला बघवत न्हाय.

अजून तरी आपलीच विहीण,
म्हाळसा


निरवांगी,
५ डिसेंबर १९९७

प्रयागबाई,

तुमचं उत्तर आलं न्हाय तवा मी कळसला जायचं ठरवलं. त्याच्या आधी काय झालं ते तुमी वाचलंच पायजे. मी एकलीनंच का सोसावं?

पोर गोठ्यात पेंड आणाय गेली आन तिला गठुडं घावलं. मी अंगणात वाकळंला दोरा घालत होते. बघते तर ती हिरवी साडी नेसून दारात उभी, तोंडभर हसतीया. म्हणली, "आये, साड्या कवा आल्या? तू दडवून ठेवल्या व्हय मला चकित कराय? मग आता ते बी येतील की!" पंचमीपासनं मी तिला असं हसताना बघितलं न्हवतं. मला वाटलं, धरणीनं मला पोटात घ्यावं. तरी मी सांगितलं. समदं सांगितलं, पदराचं बी. ती खाली बसली आन लई वेळ साडीच्या निऱ्या नीट करत राहिली.

मग मलाच म्हणली, मी बी येते कळसला.

कळसच्या थांब्यावर उतरून एवढंच इचारलं, बारामतीच्या पावण्यांशी कुणाचं जमलंय? हाटेलवाल्यानं लगेच घर दाखवलं. नवरीची आय लीलाबाई दारात शेवया वाळत घालत होती. बाई साधी हाय, तोंडभरून या बसा केलं, च्या ठेवला. मी म्हणलं, बारामतीच्या प्रयागबाईंची वळख हाय. तशी तीच मनापासनं बोलाय लागली. पोरगा कंपनीत हाय, शांत हाय, पहिली बायको काविळीनं गेली बिचारी, पोटी लेकरू न्हाय, म्हणून आमी व्हय म्हणलं. घर बघाय गेलो तर सासूनं सुनंच्या नावानं डोळ्याला पदर लावला.

तुमचा डोळ्याला लावलेला पदर ऐकला आन मी हातातली कपबशी खाली ठेवली. तवा कळलं, घर बघाय माणसं येणार म्हणून तुमी ट्रंक रिकामी केली. मेल्या सुनंच्या साड्या घरात कशाला, व्हय न्हवं? तुमचं गणित बरोबर होतं. चुकली फक्त गठुड्याची वाट.

मी म्हणलं, "लीलाबाई, काविळीनं गेलेली ती हीच. नीट बघून घ्या."

लीलाबाई आधी माझ्याकडं बघत राहिली, मला येडी समजली असंल. मग प्रतिक्षाकडं बघितलं. उठली, पोरीच्या गालाला हात लावला, हात धरला, आन सोडंच ना. आतनं तिची लेक बाहेर आली, कोवळी पोर, हळदीचं कांडण चाललं होतं तिचं, हात पिवळे झालेले. दोघी पोरी एकमेकींकडं बघत उभ्या राहिल्या. प्रतिक्षा तिला म्हणली, तुझा काय दोष न्हाय बाई. लीलाबाईनं त्याच दिशी लगीन मोडल्याचा निरोप घेऊन तुमच्याकडं माणूस धाडला, हे मी तुमाला काय सांगायचं, तुमाला ठावंच हाय.

आन मग परवा तुमचं पत्र आलं. पितरपाठ न्हाय, कंपनी न्हाय, पौष न्हाय, समदी इघ्नं एका दमात सरली. दुकानदारानं गठुड्यांची अदलाबदल केली, कळसच्या लोकांनी भलतंच ऐकलं, आन येत्या रविवारी नागेशराव जीप घेऊन पोरीला मानानं न्ह्यायला येत्यात. चार लोकांत तुमची नाचक्की झाली म्हणून पोर आता चांगली झाली व्हय?

मी खोटं लिवणार न्हाय. पत्र वाचून पोरीचे आबा म्हणले, झालं गेलं गंगेला मिळालं, नांदू दे तिला, लोक आपल्याच पोरीला नावं ठेवतील. आन माझ्यासारखी संशयी बाई, माझं बी मन हललं. वाटलं, न्हेतो म्हणतोय ते काय कमी हाय? माहेरी बसलेल्या पोरीचं पुढं काय होतंय ते मी डोळ्यांनी बघितलंय. मी सांगणारच होते तिला, की बाई, जाऊन बघ एकदा.

पत्र तिच्या हातात दिलं. तिनं समदं वाचलं. आत गेली, कळसवरनं आल्यापासनं अंगावरच असलेली हिरवी सोडली, जुनी नेसली. समद्या साड्या अंगणात आणून टाकल्या आन माझ्याम्होरं बसून एकेक पदर फाडला. हळदीचा, चुड्याचा, संक्रांतीचा. पदर फाटताना लई आवाज होतो, तिचे आबा बाजंवरनं उठून आत गेले. मी तिचा हात धरला न्हाय. फाडून झालं तवा ती म्हणली, "आये, कळसला त्येंनी मला मारून टाकलं. आता जीप घेऊन न्ह्यायला येत्यात ते कुणाला?"

ह्याचं उत्तर तुमच्याकडं असंल तर पोस्टानं धाडा. जीप धाडू नका.

त्या साड्यांची वाकळ शिवाय घेतलीया. थंडी वाढलीया, पोरीला पांघराय व्हईल.

तुमची आता कुणी नसलेली,
म्हाळसा