निरोपाचा निळा कोट

३ तारीख, सोमवार
इस्त्रीवाल्या मावशी १४ला रिटायर. हॉस्पिटलच्या लाँड्रीत एकतीस वर्षं. निरोपाचं भाषण सुपरवायझर म्हणून माझ्याकडे. मोठ्या मॅडम म्हणाल्या, मावशींबद्दल चार शब्द बोला. चार का? चाळीस मिनिटं बोलेन. आजच लिहायला बसणार होतो. पण काय घालायचं ते एकदा ठरलं की शब्द आपोआप सुचतात.

४, मंगळवार
कपाटातून करडा कोट काढला. कापड उत्तम. बटण लागत नाही. आटला असावा. रोज सहाशे चादरी धुऊन घेणाऱ्या माणसाला आटणं कळतं. बायको म्हणाली, वीस वर्षं हँगरवरच आहे, धुतलाय कधी? कोट परत टांगला. वाद घातला की मूड जातो.

६, गुरुवार
ठराव : गोड बंद. संध्याकाळी फक्त सूप. आठ दिवसांत बटण लागेल.
भाषणाचं पहिलं वाक्य तयार : 'मित्रहो.'

त्याच दिवशी, साडेआठ
सूपबरोबर ब्रेड घेतला. सहा स्लाइस. नुसत्या सूपने गरगरतं, आणि वक्त्याला ते परवडत नाही.

९, रविवार
शिंप्याकडे. म्हटलं, बटण जरा सरकवून द्या. म्हणाला, आता सरकवलं तर काखेत जाईल. उर्मट माणूस. त्याच्याकडेच नवा शिवायला टाकला. निळा. निळ्यात माणूस विश्वासू वाटतो.

११, मंगळवार
मावशींना विचारलं, शुक्रवारी निळा बरा ना? त्या चादरींच्या घड्या घालत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, तुम्हाला काय साहेब, काहीही शोभतं. एकतीस वर्षांच्या अनुभवाचं मत आहे. भाषणात घ्यावं.

१३, गुरुवार
कोट आला. झकास. भाषणाचं दुसरं वाक्यही झालं : 'काय बोलावं!' बायको म्हणाली, अहो, निदान मावशींना चार गोष्टी विचारा तरी. म्हटलं, एकोणीस वर्षं रोज बघतोय, विचारायचं काय?

१४, शुक्रवार, दुपारी साडेतीन
कोट पिशवीतून आणला, चुरगळला. कार्यक्रम चारला. मावशींनी इस्त्री बंद करून सगळं आवरलं होतं. म्हटलं, मावशी, एक शेवटचा हात फिरवा. घड्याळाकडे बघितलं त्यांनी. मग बरं म्हणाल्या. लेक यायची होती म्हणे. असो.

१४, संध्याकाळ
सव्वाचार झाले तरी उत्सवमूर्तींचा पत्ता नाही. मॅडम म्हणाल्या, सुरू करा. मी नुसत्या शर्टात! वेळ काढायला वक्तशीरपणावर बोललो. लोक खाली बघायला लागले. अंतर्मुख झाले असावेत. तेवढ्यात मावशी धावत आल्या. घामाघूम, अंगावर रोजचाच एप्रन, हातात हँगर. थेट स्टेजवर. म्हणाल्या, अस्तर चिकटत होतं साहेब, म्हणून वेळ लागला. घाला हात. घातला. टाळ्या पडल्या. कोट खरंच बसला होता. आता मूळ भाषणाला हात घालणार, तोच मॅडमनी माइक मावशींना दिला. त्या दोनच मिनिटं बोलल्या. अर्धे लोक रडले. आमचा स्टाफ जरा हळवा आहे.

१५, शनिवार
नोटीस बोर्डवर फोटो लागला. मी उठून दिसतो.
अकराला मॅडमनी बोलावलं. मावशींच्या लेकीने आईसाठी कार्यक्रमाला नवे कपडे आणले होते. बदलायला वेळच मिळाला नाही. आणले तसेच परत नेले. म्हटलं, मला सांगायचं ना. मॅडमनी पुढची फाइल उघडली.
येताना पुन्हा फोटो बघितला. एप्रनवर पोटाशी ओला डाग आहे. दुपारी माझा जेवणाचा डबा उघडलाच नाही.

१६, रविवार
सकाळी मावशींकडे. माफी मागायला. कोट घालूनच गेलो, माफीला वजन येतं. तिसरा मजला. जिन्यात एक बाई उतरत होत्या. गर्द हिरवे कपडे, कडक इस्त्री, ऐटदार चाल. माझ्यापाशी थांबल्या, छान हसल्या. मी अंग चोरून वाट दिली. निळ्याचा परिणाम.
दार लेकीने उघडलं. म्हणाली, आई आत्ताच खाली उतरली. जिन्यात दिसली नाही तुम्हाला?
दिसली, म्हटलं.