सुनेची कॅसेट

३ मार्च
नातीला नवं खूळ. दिवस गेलेत, पोट पुढे आलंय, आणि आता म्हणे आईचा आवाज ऐकायचाय! आई मेली तेव्हा ही रांगत होती. मुलाने माळ्यावरून जुना कॅमेरा काढला. कॅसेट आतच, पण त्याचा पडदा बंद पडलेला. केबल लावून कॉम्प्युटरवर उतरवायची म्हणतात. मी म्हटलं, पुरलेलं उकरू नये, वास येतो. मुलगा म्हणाला, "आई, तोंड आवर."

७ मार्च
केबल मिळेना. मिळाली तरी आजच्या कॉम्प्युटरला तसलं भोकच नाही. मुलाला म्हटलं, तुझं तरी आयुष्यात कुठे काय जुळलं? कोणी हसलं नाही.

११ मार्च
जुने कॉम्प्युटर विकणारा आला. केबल आणली, तिला चालणारा जुना डबाही आणला. त्या काळची सगळ्यात वेगवान केबल म्हणे ही. किती वेळ लागेल? तर तासाच्या कॅसेटला तासच! बाई बोलेल तेवढ्याच वेगाने उतरणार. गोगलगायीला लगाम घातलाय मेल्याने. जाताना बजावून गेला — फीत कुजलीय, एकदा फिरली तर फिरली.

१२ मार्च
सगळे पडद्यासमोर. मी टेबलाला टेकून. सून दिसली, खिडकीशी केस पुसताना. कॅमेरा कपाटावर चालूच राहिलेला. मला तो दिवस आठवला. नात म्हणाली, "आजी, माझ्यासारखीच दिसते ना गं?" म्हटलं, तुझ्याहून बरी. मग मी आले पडद्यावर. काखेत हीच, भोकाड पसरलेली. सून वळली, तोंड उघडलं —

माझा पाय केबलमध्ये अडकला. कॅमेरा धाडकन खाली. फितीच्या चिंध्या.

नात ओरडली नाही. हळूच म्हणाली, "म्हातारे, तिच्या जागी तू मेली असतीस तर बरं झालं असतं." मुलगा ऐकत होता. त्याने तिला तोंड आवर म्हटलं नाही.

१५ मार्च
माझी खाट मागच्या खोलीत. पुन्हा कशात पाय अडकायला नको म्हणे.

१९ मार्च
नात बोलत नाही. उतरलं तेवढंच सारखं लावते. सून वळते, तोंड उघडते, संपतं. परत पहिल्यापासून.

२० मार्च
पाय अडकला नव्हता. अडकवला.

वळून सून मला म्हणाली होती, "ही मला नकोय. तुम्हीच सांभाळा."

सांभाळली.