आई गुणगुणायची ती धून

प्रिय बारकी मावशी,

पाकिटावरचं अक्षर बघूनच ओळखलं असशील. तू म्हणायचीस तसं ते अजून कुत्र्याचे पाय मांजराला असंच आहे. दिवसभर दुकानात चष्म्यांची भिंगं घासायची, पेन धरायची वेळ येते कुठे? वर्षाकाठी एकदा का होईना, आपण फोनवर बोलतो. मग हिला पत्र लिहायची काय हुक्की आली, असं तुला वाटेल. त्याला कारण आहे. फक्त एक कर, शेवटचं पान आधी उलटू नकोस. लहानपणी मला गोष्ट वाचून दाखवण्याआधी तू शेवट बघून घ्यायचीस, आणि कोणी मरणार असेल तर पुस्तकच मिटून ठेवायचीस. हे मिटू नकोस. मी क्रमाने सांगते.

आईचं विसरणं तुला ठाऊक आहेच. आधी चष्मा विसरायची, मग गॅस, मग माणसं. मी तिला कधी तिची आई वाटायचे, तर कधी घरमालकीण. एकदा शेजारच्या बाईंना हळूच म्हणाली, "खोली हवेशीर आहे, पण ही मालकीण फार बोलते हो." मी मोरीत जाऊन हसले, आणि हसता हसता तिथेच खाली बसले. असं बरंच चाललं होतं, त्याचीही सवय झाली होती. मग या थंडीत तिनं गुणगुणायला सुरुवात केली.

आता आईचं आणि गाण्याचं किती सख्य, ते तुझ्याइतकं कोणाला माहीत! अंगाई म्हणून ती मला पाढे म्हणायची. सतराचा पाढा ऐकला की मला अजून जांभई येते. घरात रेडिओ लागला तरी "डोकं उठलं" म्हणून बंद करणारी ही बाई, आणि एके दिवशी सकाळी मी डबा भरत होते तर आतून सूर. शब्द नाहीत, नुसती धून. चार पायऱ्या चढल्यासारखी वर जायची, घरंगळत खाली यायची, पुन्हा चढायची, आणि आता पुरी होणार म्हणेपर्यंत कुसळ टोचल्यासारखी एका सुरावर अडखळायची, की परत पहिल्यापासून. मान डाव्या खांद्याकडे कललेली, नजर समोरच्या भिंतीवर. मध्येच मी काही विचारलं तर हात वर करून मला थांबवायची. घास तोंडाशी नेला तरी तेच. मग धून तुटली म्हणून तिचा जीव कासावीस व्हायचा, उठून दाराशी जायची, परत यायची, पदर पिळत राहायची. दिवसेंदिवस तिचं खाणं कमी होत गेलं.

डॉक्टर म्हणाले, अशा माणसांना जुनं गाणं पुरं ऐकवलं तर ती शांत होतात, कोणतं ते शोधून काढा. त्यांना सांगायला काय जातं! पण मला पटलं. वाटलं, हिला शेवट आठवत नाही म्हणून ही अडकली आहे. एकदा शेवट ऐकवला की सुटेल बिचारी.

मग मी मागेच लागले. माझा गळा कसा आहे ते तू जाणतेस. शाळेच्या प्रार्थनेत बाई मला नुसते ओठ हलवायला सांगायच्या. तरी दुकानात येणाऱ्या गिऱ्हाइकांना मी ती धून म्हणून दाखवायला लागले. डोळे तपासायला आलेली माणसं, ती काय सांगणार? एकजण म्हणाला, कुठल्या तरी टूथपेस्टची जाहिरात आहे. फोनवर गाणं ओळखणारं एक यंत्र असतं, त्याला ऐकवलं तर त्यानंही तेच सांगितलं, मग म्हणालं आवाज स्पष्ट नाही. चौकातल्या बँडवाल्याकडे गेले. त्यानं माझ्याकडून ती पुन्हा पुन्हा म्हणवून घेतली. मला वाटलं लक्ष देऊन ऐकतोय, मग कळलं की आतल्या खोलीतले त्याचे वाजवणारे तोंड दाबून हसताहेत. शेवटी त्यालाच दया आली. ट्रम्पेट काढून त्यानं ती वाजवली. ट्रम्पेटवर ती इतकी आनंदी वाटली, मावशी, की मी घाबरून "नको, नको" म्हटलं. आई गुणगुणायची तेव्हा ती अजिबात आनंदी नसायची.

मग आईचा आवाज मोबाइलवर भरून घेतला आणि पियानो शिकवणाऱ्या एका बाईंकडे नेला. त्यांनी डोळे मिटून ऐकलं, वाजवून बघितलं. म्हणाल्या, मूळ चाल साधी आहे, शिकाऊ मुलांना देतात तसली. पण कोणीतरी मधूनच कापली आहे. "धून शेवटी घरी यायला हवी, ही उंबऱ्यातूनच परत फिरते." त्यांनी आपल्या मनानं एक शेवट जोडून दिला, फार गोड होता. मी घरी येऊन आईला ऐकवला. तिनं ऐकला, नाक मुरडलं आणि म्हणाली, "हे नाही." झालं. पुन्हा पहिल्यापासून सुरू.

त्यानंतर तिला खोकला लागला. डॉक्टरांना तिच्या छातीचा जुना एक्स-रे हवा होता. तो काढला होता बाबांच्या कारखान्याच्या दवाखान्यात, आपण कॉलनीत राहत होतो तेव्हा. कारखान्याचे मालक बदलले, पाटी बदलली, पण दवाखाना आहे अजून. दुपारी जेवणाच्या सुट्टीत मी दुकानातूनच फोन लावला. एका मुलीनं उचलला, काय हवं ते ऐकून घेतलं आणि म्हणाली, "एक मिनिट थांबा हं, विचारून सांगते." मग खट् झालं आणि माझ्या कानात ती धून सुरू झाली.

डबा उघडा होता, हातात घास होता. कानात अगदी तीच, मावशी. चार पायऱ्या वर, घरंगळत खाली, परत वर, आणि त्याच जागी अडखळून पहिल्यापासून. तिला शेवट नव्हताच. यंत्रात जेवढी भरली होती तेवढी वाजत होती. फोन कानाशी धरला होता तर माझी मान आपसूक डाव्या खांद्याकडे कलली होती. ती मुलगी परत आली, एक्स-रेचं काहीतरी सांगत राहिली. मी काय बोलले मला आठवत नाही.

मला मग तो दिवस आठवला. तुझ्याही डोळ्यांपुढे असेल, पण माझ्या बाजूचा तू पाहिलेला नाहीस. सकाळी कारखान्याचा भोंगा अवेळी झाला आणि बायका गॅलरीत आल्या. कोणी म्हणालं कागदाच्या लगद्याच्या टाकीत माणसं अडकलीत. आई मला घेऊन खालच्या औषधवाल्याच्या दुकानात गेली, कारण फोन तिथेच होता. टाकीशी बाबांचा काय संबंध, ते तर फिटर, असं ती औषधवाल्याला समजावून सांगत होती, फोन फिरवता फिरवता. कारखान्याच्या टेलिफोनच्या टेबलावर तेव्हा तू होतीस, तूच उचललास. आई एवढंच म्हणाली, "बारके, मी बोलतेय गं." नंतर ती काहीच बोलली नाही. रिसीव्हर कानाशी धरून उभी राहिली. मी तिच्या पदराशी चाळा करत होते. औषधवाल्यानं मध्येच विचारलं, "कोणी बोलतंय का, वहिनी?" तर तिनं हात वर करून त्याला थांबवलं. किती वेळ गेला कोण जाणे, माझे पाय दुखायला लागले. शेवटी कारखान्याची माणसं दुकानाच्या पायरीशीच आली, टोप्या हातात घेऊन. टाकीत विषारी वायू साठला होता. आधी उतरलेला साफसफाईवाला पडला, त्याला काढायला दुसरा गेला, आणि पंप बघायला आलेले बाबा त्या दोघांना काढायला गेले. आईनं ते सगळं ऐकून घेतलं, पण रिसीव्हर काही खाली ठेवेना. औषधवाल्यानं तिची बोटं एकेक करून सोडवली.

खोटं कशाला बोलू, ती धून ओळखल्यावर मला तुझा भयंकर राग आला. चौकशीत तू सांगितलंस ते मोठी झाल्यावर मला कळलं होतं. मोठे साहेब येईपर्यंत कोणाच्या घरी काही कळवायचं नाही, फोन आले की लाइन धरायला सांगायची, असा तुला हुकूम होता. बाकी कोणी कबूल झालं नाही, तू एकटी झालीस, आणि कॉलनीतल्या बायकांनी राग काढला तो तुझ्यावरच. "टेलिफोनवाली" ही शिवी झाली. तू बदली मागून गेलीस ती गेलीसच. मोठेपणी मी तुझी बाजू घ्यायचे. पण ऐकीव गोष्ट वेगळी आणि कानात वाजलेली वेगळी. मला वाटलं, हिनं स्वतःच्या सख्ख्या बहिणीला या टुकार पिपाणीवर टांगून ठेवलं, आणि ती अजून तिथेच उभी आहे. घरी येऊन मी तुला एक पत्र लिहिलं. ते तुझ्या हाती पडलं नाही हे बरं झालं. दुसऱ्या दिवशी मी ते फाडलं. का, ते आता सांगते.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. मी आईला खिडकीशी बसवून तिची नखं काढत होते. तिचं गुणगुणणं चाललंच होतं. माझ्या बेसूर गळ्यानं मीही तिच्याबरोबर गुणगुणले. ती हसली. मी म्हटलं, "आई, हे फोनमधलं ना?" म्हणाली, "हो. बारकीनं लावून दिलंय." मी म्हटलं, "मग ती येऊन काय सांगणार आहे?" तर तिनं माझ्याकडे असं बघितलं, की किती मठ्ठ आहे ही मालकीण. म्हणाली, "सांगायचं काय त्यात? ते गेलेत. 'ताई, थांब हं' म्हणाली ना, त्या आवाजातच कळलं मला. रडतेय गं ती. तिच्याजवळ कोणी नाही तिथे. मी फोन ठेवला तर एकटी पडेल पोर."

नखं काढायचं राहिलंच. मी कसंबसं विचारलं, "मग नंतर कधी तिला हे सांगितलं का नाहीस?" त्यावर तिचा चेहरा बारीक झाला. "यायची होती की ती," म्हणाली. "आली नाही." मावशी, मी यात माझ्या पदरचं काही घातलेलं नाही. इतकी वर्षं घरात तुझं नाव निघालं की ती उठून आत जायची आणि मी समजायचे, तिनं तुला माफ केलेलं नाही. तुलाही तेच वाटत आलं असणार. ती तिकडे तुझी वाट बघत हट्टाला पेटलेली, तू इकडे तोंड लपवून बसलेली, आणि मधे मी, दोघींना एकमेकींचं काही न विचारणारी. एका शब्दाचं काम होतं. ते कोणीच केलं नाही. आता ते कुणाच्या माथी मारायचं?

त्या दिवशी तिनं वाटीभर खाल्लं. मला आशा वाटली. ठरवलं की तुला बोलावून घ्यायचं, तिच्यासमोर बसवायचं. तिनं नाही ओळखलं तरी चालेल. पण खोकला छातीत उतरला होता. मी आज करते, उद्या करते म्हणत राहिले, आणि दवाखान्याच्या खेपांमध्ये आठवडा गेला.

मंगळवारी सकाळी तुला एक फोन आला होता. तू "हॅलो" म्हणालीस, पलीकडून कोणी बोललं नाही. तू आणखी दोनदा "कोण आहे?" विचारलंस, दुसऱ्यांदा जरा घाबरून. तो फोन माझा होता. दवाखान्यातल्या नर्सबाईंनी नंबर लावून फोन माझ्या हातात दिला होता, वाक्यसुद्धा मनात जुळवून ठेवलं होतं, पण तुझा आवाज ऐकला आणि माझी जीभच उचलेना. मी फोन ठेवून दिला. त्या टेबलावर बसून तुझं काय झालं असेल ते मला तेव्हा कळलं. म्हणून हे कागदावर. आई गेली, मावशी. सोमवारी संध्याकाळी ताप चढला आणि मंगळवारी उजाडता उजाडता गेली. फार त्रास झाला नाही. मी जवळ होते.

तुझीच,
ठकू