सोड्यात सुकट

१२ फेब्रु. ९६
बशीरभाई, रोह्याचा सोडावाला, धाटावला कंपनीच्या गेटवर हजर. सिलिंडर परत! म्हणे, "तात्या, गॅसात सुकट घातलीत काय? सोडा पिऊन गिऱ्हाईक थुंकतंय." हे मला! बॉयलरच्या धुरातला कार्बन डायऑक्साइड अमाइन या रसायनाच्या पाण्यात पकडायचा, सोडवायचा, कोळशातून गाळून पिण्याजोगा करायचा. डिक्शनरी मांडीवर घेऊन इंग्रजी पुस्तकं वाचली नि ही सगळी जुळणी मी बसवली. रोज सकाळी गॅस गार पाण्यात सोडून हुंगतो. माझ्या नाकाने पास केल्याशिवाय सिलिंडर हलत नाही. म्हटलं, "तुझं दुकान मासळीबाजाराला लागून. आधी तिथला वास बंद कर." हसला. हसण्यासारखं काय होतं?

१३ फेब्रु.
नवा इंजिनिअर पुण्याचा. सेंट फासून येतो असं फिटर म्हणतात. मला सांगतो, "काका, थोडं अमाइन गॅसबरोबर निसटत असेल. त्याला असाच मासळीसारखा वास असतो." मला!! पुन्हा ग्लास भरला, दोनदा हुंगला. स्वच्छ. त्याने नाक मुरडलं. सेंटवाल्याच्या नाकाचा काय भरवसा.
"कोळसा बदलू या का?"
"नाय बदलायचा." रागात गावचं तोंड सुटतं.

१५ फेब्रु.
सुट्टी. पेणला घरीच. सौ. चुलीवर सुकट भाजत ठेवून शेजारी गेली. मी तिथेच पेपर वाचत. धावत आली. "अहो, कोळसा झाला सुकटीचा! सगळी आळी खोकतेय, नि तुम्हाला वास नाय आला?" म्हटलं, पेपरात होतो.
पेपर कालचा होता.

१६ फेब्रु.
इंजि.ने मला न विचारता कोळसा बदलायचं परस्पर साहेबांच्या कानावर घातलं. परस्पर! साहेब म्हणाले, तात्या सही करतील तर माल जाऊ दे. उद्या बशीरभाईला लग्नाची ऑर्डर. सही माझी हवी. करणारच होतो. पेन उघडलं, पण...
दोन बाटल्या पिशवीत घालून घरी आणल्या. एकीत साधं पाणी, दुसरीत गॅसचं. सौ. मिठागरवाल्यांची लेक, मासळी शिळी की ताजी ते दारातून सांगते. तिने एक हुंगली. मग दुसरी. माझ्याकडे बघत राहिली.
"खरं सांगू, का तुम्हाला पायजे ते?"
"गो, वास हाय का नाय, तेवढंच बोल."
"आधी तुम्ही सांगा," म्हणाली नि दुसरी बाटली माझ्या नाकाखाली धरली.